येशू म्हणजे नक्की कोण?

गेल्या दोन महिन्यांत मला फोनवर विचारले गेलेले प्रश्न आधी जसेच्या तसे लिहून काढते. येशू देव की देवाचा मुलगा? मुलगा असेल तर देव एकच कसा? यांचे देव एक की तीन? मेरी म्हणजे देवीच ना? बायबल येशूने लिहिलं का? तो काश्मीरला आला होता म्हणतात, ते खरं का? आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून : आपल्या मुलीला हे सगळं मानावं लागणार का?

नातेवाइकांना कारण ठाऊक आहे, बाकीच्या ब्लॉगमित्रांसाठी सांगते. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा उत्तनचा, ख्रिस्ती कोळी घरातला. मी राहते भाईंदर पश्चिमेला, आणि उत्तनची बस आमच्या रस्त्यावरून जाते. तेवढ्याशा भांडवलावर मी आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्माची तज्ज्ञ ठरले आहे. पुण्याची आत्या, नाशिकचे काका, सगळे मलाच फोन करतात. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदाच लिहावं. काही उत्तरं सोपी आहेत. एक मात्र सोपं नाही, आणि ते सोपं करून टाकण्याची आपल्याला जी सवय आहे तिच्याबद्दलच मला खरं बोलायचंय.

आधी उत्तनबद्दल दोन शब्द, कारण आत्याला वाटलं होतं की मुलाच्या घरी इंग्रजीच बोलत असतील. मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना टॉवर आणि लोकलची गर्दी आठवते. पण पश्चिमेला खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये डोंगरी, पाली, चौक, उत्तन ही जुनी गावं आहेत. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतरच्या काळात इथले अनेक कोळी-आगरी-शेतकरी ख्रिस्ती झाले. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांचं राज्य इथून गेलं. चौकचा धारावी किल्ला त्याच मोहिमेत मराठ्यांनी घेतला. राज्य गेलं तरी माणसं ख्रिस्तीच राहिली, आणि घरात मराठीच बोलत राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. तेव्हा आत्या, विहीणबाईंशी खुशाल मराठीत बोल. बोली वेगळी आहे, पण कानाला दोन दिवसांत सवय होते.

आता सोपे प्रश्न.

'ख्रिस्त' हे येशूचं आडनाव नाही. ग्रीक 'ख्रिस्तोस' म्हणजे अभिषिक्त, ज्याच्या मस्तकावर तेल ओतून देवाने नेमला तो. हिब्रूतल्या 'मशीहा' शब्दाचं ते भाषांतर. येशू जन्माने ज्यू होता, ज्यूंच्या देवळात जात होता, ज्यूंचे सण पाळत होता आणि त्याचे पहिले शिष्यही ज्यूच होते. त्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पुढे अंत्युखिया नावाच्या शहरात पडलं. त्याने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. तो अरामी भाषा बोलायचा. त्याच्याबद्दलची चार शुभवर्तमानं त्याच्यानंतर काही दशकांनी ग्रीक भाषेत लिहिली गेली. त्यांतलं सर्वांत जुनं, मार्कचं, साधारण इ. स. ७०च्या सुमाराचं मानतात. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेही नाही. तो ज्याच्या राज्यात जन्मला असं सांगतात तो हेरोद राजा इसवीसनापूर्वी ४मध्ये वारला असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे येशूचा जन्म 'येशूपूर्व' काही वर्षं झाला असा गमतीशीर हिशोब निघतो. पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या काळात, इ. स. ३०च्या आसपास, त्याला क्रुसावर मारलं, हे मात्र ख्रिस्ती नसलेले इतिहासकारही मान्य करतात. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ते लिहून ठेवलंय.

मेरी देवी नाही. कॅथलिक लोक तिला फार मानतात, वांद्र्याच्या मोतमाउलीला तर आपलेही लोक मेणबत्त्या लावतात. पण चर्चची शिकवण अशी की आराधना फक्त देवाची करायची. मेरीला मान द्यायचा आणि आपल्यासाठी प्रार्थना कर असं तिला सांगायचं.

काश्मीरची गोष्ट मात्र आपल्याकडे भलतीच लाडकी आहे, म्हणून जरा सविस्तर. १८९४ साली निकोलस नोतोविच नावाच्या रशियन गृहस्थाने पुस्तक काढलं की लडाखच्या हेमिस मठात त्याला येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी सापडली. पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस नावाचे प्राध्यापक हेमिसला गेले, तर तिथल्या मुख्य लामांनी असं काही झाल्याचं साफ नाकारलं. श्रीनगरच्या रोजाबल दर्ग्यात येशूची कबर आहे हा दावा वेगळा. तो अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडला. इतिहासकार यांतलं काही मानत नाहीत. मराठीत याहून पुढची मजल मारली बाबाराव सावरकरांनी (स्वातंत्र्यवीरांचे थोरले बंधू). १९४६ सालच्या 'ख्रिस्तपरिचय' या पुस्तकात येशू हा मूळचा तमिळ ब्राह्मण होता असं त्यांनी मांडलं. २०१६ साली ते पुस्तक मुंबईत पुन्हा प्रकाशितही झालं.

नाशिकच्या काकांना हे फार आवडलं. "म्हणजे आपलाच की!" म्हणाले. काका, राग मानू नका, पण मला वाटतं गडबड इथूनच सुरू होते. परका माणूस 'आपलाच' ठरवला की तो काय म्हणत होता ते ऐकायची गरज उरत नाही.

आता अवघड प्रश्न. येशू कोण?

आमच्याकडे या प्रश्नाची तीन उत्तरं शेजारी शेजारी नांदतात. मीरा रोडला नयानगरमध्ये विचाराल तर कुराणातला ईसा भेटेल. तो कुमारी मरियमचा मुलगा आहे, त्याला मसीहा म्हटलंय, तो थोर पैगंबर आहे, पण देवाचा पुत्र मुळीच नाही आणि क्रुसावर मेलाही नाही. कुराणातल्या १९व्या सुऱ्याला तर मरियमचंच नाव आहे. उत्तनला विचाराल तर तो देवाचा एकुलता एक पुत्र, क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आणि आमच्या सोसायटीत विचाराल तर उत्तर येईल, "येशू, कृष्ण, बुद्ध, सगळे एकच हो!"

हे तिसरं उत्तर माझ्या आईचं होतं. प्रेमळ उत्तर आहे. त्या उत्तरामुळे आपल्या घरात कधी कुणाच्या धर्माला नावं ठेवली गेली नाहीत, हे मी विसरत नाही. पण ते उत्तर देताना आपण समोरच्याला न कळत सांगत असतो की तुझं म्हणणं आम्हाला तुझ्यापेक्षा जास्त कळलंय. कारण ख्रिस्ती माणूस 'सगळे एकच' असं म्हणतच नाही. त्याचं म्हणणं असं की विश्वाचा निर्माता एकदा, एका ठिकाणी, पंतय पिलाताच्या काळात माणूस झाला. अवतारासारखा पुन्हा पुन्हा येणारा नाही, एकदाच. पटो न पटो, त्याचं म्हणणं हे आहे.

त्रिमूर्तीची उपमाही अशीच फसवी. ब्रह्मा-विष्णू-महेशांसारखी उत्पत्ती-स्थिती-लयाची खातेवाटणी तिथे नाही. देव एकच, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप, असं ते मानतात. हे समजायला कठीण आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की पित्याने निर्माण केलेला, यावर अरियस नावाच्या धर्मगुरूने वाद घातला आणि तो मिटवायला ३२५ साली निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची परिषद भरली. परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. "मग तिथेच बहुमताने देव केला ना त्याला?" असं मला भाच्याने विचारलं. तसंही नाही. त्याच्या दोनशे वर्षं आधी प्लिनी नावाचा रोमन सुभेदार बादशहाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. मानत आधीपासून होते, कुठल्या शब्दांत मांडायचं त्यावर भांडण होतं.

मग कुणी म्हणेल, ते देवत्वाचं जाऊ द्या, शिकवण तेवढी घेऊ. हा विचार आपल्याकडे फार थोर माणसांनी केलाय. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूच्या उपदेशांचं पुस्तक काढलं आणि त्यातून चमत्कार नि देवत्वाचा भाग वगळला. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी त्यावरून मोठा वाद केला. गांधीजींना डोंगरावरचं प्रवचन प्राणप्रिय होतं, पण येशू हाच देवाचा एकमेव पुत्र हे आपल्याला पटत नाही असं त्यांनी आत्मकथेत स्पष्ट लिहिलंय.

मलाही शिकवण ओढून घेते. शत्रूवर प्रेम करा, क्षमा मोजून करू नका, उपाशी माणसाला दिलंत ते मलाच दिलंत. वाटेवर जखमी पडलेल्याला पुरोहित ओलांडून जातो आणि ज्याच्या जमातीला सगळे हलकं समजतात तो शोमरोनी त्याला उचलून नेतो, ही गोष्ट तर आपल्या कायद्यात शिरली आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आणि त्या माणसाला कायदा 'गुड समॅरिटन'च म्हणतो.

पण मुळातून वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की शिकवण आणि तो 'कोण' हा प्रश्न इतक्या सहज वेगळे होत नाहीत. एका लुळ्या माणसाला चौघे खाटेवरून आणतात. घरात शिरायला वाट नाही म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. येशू त्याला आधी काय म्हणतो? तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, पापांची क्षमा करणारा हा कोण, ते तर देवाचं काम. त्यांची शंका अगदी रास्त आहे! माझा अपराध शेजारणीने केला तर क्षमा मी करणार. तिसराच कुणी येऊन सगळ्यांना क्षमा करू लागला तर तो स्वतःला कोण समजतो हे विचारावंच लागेल. पुढे एकदा तो शिष्यांनाच विचारतो, लोक मला कोण म्हणतात, आणि मग, तुम्ही कोण म्हणता. म्हणजे हा प्रश्न आपल्या आत्याने काढलेला नाही. खुद्द त्यानेच काढलाय. :-)

आणि मराठी माणूस हा प्रश्न चारशे वर्षं विचारतोय. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. ज्ञानेश्वरीच्या ओवीची वाट धरून जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी पण रोमन लिपीत. स्वर्गाला त्यात वैकुंठ म्हटलंय. ग्रंथाची सुरुवातच अशी की नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं गेली, आता आम्ही वाचायचं काय? पुढेही लोक शंका विचारतात आणि पाद्री उत्तरं देतो. अर्थात ज्या राज्यात हा ग्रंथ छापला गेला तिथे देवळं पाडली गेली होती, आणि बिनधास्त शंका विचारायला तिथे किती मोकळीक असेल हाही प्रश्न आहेच. तरी ग्रंथ उभा आहे तो प्रश्नांवर.

त्याहून मला जवळच्या वाटतात पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटतं, बाप्तिस्मा घेतला म्हणजे प्रश्न संपले. रमाबाईंचे तिथून सुरू झाले. त्रैक्य पटत नाही, येशूचं देवत्व नेमकं कसं समजायचं, चर्च सांगतं म्हणून का मानू, अशी पत्रंच्या पत्रं त्यांनी सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना लिहिली. क्रुसावर लॅटिन अक्षरं होती म्हणून त्या अडून बसल्या, मला संस्कृत हवं म्हणाल्या. छोट्या मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं यावरूनही खटके उडाले. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला आहे, मिळाला तर वाचाच. पुढे त्यांची श्रद्धा पक्की झाली आणि हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत अख्खं बायबल त्यांनी आणलं. ते छापून पुरं व्हायच्या आधी, १९२२ साली, त्या गेल्या. रमाबाई शेवटी ज्या उत्तराला पोचल्या ते माझं उत्तर नाही. पण उत्तर मिळेपर्यंत त्यांनी कुणाच्या मुर्वतीखातर मान डोलावली नाही, ते मला घ्यावंसं वाटतं.

रेव्हरंड टिळकांचा रस्ता वेगळा. त्यांना आगगाडीत एका युरोपियन माणसाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. लक्ष्मीबाईंना मात्र त्रैक्याबिक्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांचा झगडा सोवळ्याशी होता. देवाने जात निर्माण केलेली नाही हे एकदा मनाला पटल्यावर त्यांचा नवऱ्याच्या वाटेवर प्रवास सुरू झाला. 'स्मृतिचित्रे' घरोघरी आहे, पण त्यातला हा भाग आपण नवराबायकोची गमतीदार भांडणं म्हणून वाचतो आणि पुढे जातो.

असो. उत्तनला विहीणबाईंनाच मी परवा सरळ विचारलं. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, त्या पालटत होत्या. म्हटलं, ताई, येशू तुमच्यासाठी कोण? त्यांची बोली मला लिहिता येणार नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगते. त्या म्हणाल्या, बोट समुद्रात असते आणि वारा फिरतो तेव्हा तू देव का माणूस असं आम्ही विचारत बसत नाही, हाक मारतो. मग थांबून म्हणाल्या, पण तो मेलेला उठला हे खोटं असेल तर मी आयतवारी देवळात कशाला जाऊ? (चर्चला त्या देऊळच म्हणतात.) आणि मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या गणपतीत तुम्ही प्राण घालता आणि मग बुडवता, ते कसं? अर्धा तास मी प्राणप्रतिष्ठा समजावत होते. इतका बरा अर्धा तास खूप दिवसांत गेला नव्हता. 'सगळे एकच' म्हणाले असते तर दोन मिनिटांत चहा पिऊन निघाले असते.

आता तो शेवटचा, आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न. मुलगी धर्म बदलत नाहीये. बिशपांची परवानगी घेऊन असं लग्न चर्चमध्ये होऊ शकतं, किंवा १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने होतं. चर्चमध्ये करायचं तर तिला काही वचन द्यावं लागत नाही. पण मुलाला द्यावं लागतं, की होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मी शक्य ते सगळं करीन. आणि त्याने असं वचन दिलंय हे तिला सांगितलं जातं.

ही गोष्ट मी मुद्दाम इथे लिहिते आहे, कारण साखरपुड्याच्या बैठकीत ती कुणी काढली नाही. दोन्हीकडचे म्हणाले, देव सगळा एकच, मुलांचं मुलं बघतील. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. तीन-चार वर्षांनी बाळ येईल, तेव्हा बारसं आणि बाप्तिस्मा दोन्ही आनंदाने करता येतील, पण दोन्हींचा अर्थ सारखा होणार नाही. मुलाच्या आईला बाप्तिस्मा म्हणजे नाव ठेवायचा समारंभ नाही. तो तिच्या लेखी नवा जन्म आहे. रमाबाईंना आपल्या लेकीसाठी जे भांडावं लागलं ते आपल्या मुलीला बाळ मांडीवर घेऊन भांडावं लागू नये असं वाटत असेल, तर आत्ता बोलायला हवं. तो काय मानतो, ती काय मानते, कुठे जुळतं, कुठे अजिबात जुळत नाही. न जुळण्याची जागा माहीत असूनही दोघं एकमेकांना हवी असतील तर मग मला काही काळजी नाही.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. निर्माता एकदाच माणूस झाला हे माझ्या मनात बसत नाही. पण ते बसत नाही हे मला विहीणबाईंना सांगता येतं, त्यांनाही माझा गणपती कळत नाही हे सांगता येतं, आणि तरी त्या बोंबील बांधून देतात.

तेव्हा नातेवाईकमंडळी, लग्नाला याल तेव्हा हे सगळे प्रश्न घेऊन या आणि मला नव्हे, त्यांना विचारा. आवाज खाली आणू नका. आत्या, तू तीन देवांचं नक्की विचार, मुलाचे वडील फार छान समजावतात. काका, काश्मीरचं मात्र जेवणं झाल्यावर काढा. आणि मुलीच्या आईबापांनी, म्हणजे ताई आणि भावजी, तुम्ही बाळाच्या बाप्तिस्म्याचं लग्नाआधीच विचारा. त्यांना राग येणार नाही. मी विचारून ठेवलंय.